फी माफ झाली, मग हे पैसे कशाचे?

"माझ्यामुळे घर कर्जात गेलं." हे वाक्य मला दर वर्षी ऐकायला मिळतं, आणि बहुतेकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर. सुट्टीत मुलं घरी जातात, आईच्या गळ्यातला एखादा दागिना दिसत नाही, वडील फोन घेऊन बाहेर जाऊन बोलतात. कोणी काही सांगत नाही, पण मुलांना कळायचं ते कळतं. मी ज्यांना भेटते ती मुलं छोट्या निवासी महाविद्यालयांतली आहेत. आवार गावापासून लांब माळावर, एका वर्गात साठेक मुलं, वसतिगृहात राहणं सक्तीचं. हेच ओझं मनात घेऊन आलेल्या एका मुलीबद्दल लिहिते. तिचं नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सुवर्णा सांगोल्याकडची. घरी तीन एकर जमीन, त्यातल्या दीड एकरात डाळिंब. बी.एस्सी. कृषीच्या पहिल्या वर्षाला एका खासगी महाविद्यालयात सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून तिचा नंबर लागला. तिला माझ्याकडे रेक्टरबाईंनी पाठवलं, कारण ती सारखी आजारी पडत होती आणि मेसच्या वहीत तिचे खाडे फार दिसत होते.

खाड्याची गोष्ट नीट सांगायला हवी. तिथल्या मेसचा नियम असा, की सलग पाच दिवस जेवणार नाही असं आधी लिहून दिलं तर त्या दिवसांचे शिध्यापुरते पैसे पुढच्या बिलातून वजा होतात. घरी जाणाऱ्या मुलांसाठी ही सोय आहे. सुवर्णा खाडा लावायची आणि खोलीतच राहायची. घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सकाळ-संध्याकाळ खायची. पाच दिवसांचे साधारण तीनशे रुपये वाचायचे. तिने ते सगळे आकडे प्रात्यक्षिकाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. "मॅडम, बाबांना सांगू नका," हे तिचं पहिलं वाक्य. मी तिला विचारलं, घरून एकूण किती पैसे लागले माहीत आहे का? तिला माहीत नव्हतं. मनात धरलेला आकडा मात्र खऱ्या आकड्याच्या दुप्पट होता.

तिच्या परवानगीने मी वडिलांना बोलावलं. ते आले ते रागातच. "मॅडम, पोरींची फी माफ झालीया म्हनले सगळे. मग ह्ये पैसं कशाचं?"

हा प्रश्न आज घराघरांत आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थास्तरावरच्या, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरतं त्या कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. आणि या माफीत राहणं-खाणं येत नाही. शहरात ते खर्च कमी करायला वाव असतो, तीन मुली मिळून खोली घेतात, स्वस्त डबा लावतात. माळावरच्या महाविद्यालयात तसं करता येत नाही. तिथे स्वयंपाकी, रखवालदार, रेक्टर, जनरेटर हा सगळा खर्च तिथल्या मोजक्या मुलांवरच पडतो.

आम्ही तिघांनी बसून कागद केला. विकास शुल्क सहा हजार. वसतिगृह ३६,०००. मेस महिना ३,४०० प्रमाणे दहा महिन्यांचे ३४,०००. अनामत दहा हजार. अ‍ॅप्रन, प्रात्यक्षिक वह्या, पुस्तकं मिळून सात हजार. एसटी, मोबाइल, वरखर्च वीस हजार. पहिल्या वर्षाचे १,१३,०००. त्यातली अनामत शेवटी परत मिळणार, तिची पावती जपून ठेवायची. पुढे शैक्षणिक सहल आहे, शेवटच्या वर्षी गावात राहून करायचा ग्रामीण कृषी कार्यानुभव, म्हणजे 'रावे' आहे. चारही वर्षांचा आकडा साडेचार लाखांच्या आसपास गेला. वडील गप्प झाले. सुवर्णाने मात्र सुस्कारा सोडला, "एवढेच?"

अशा वेळी बरेच जण सांगतात, मूल घरी जेवलं असतं तो खर्च यातून वजा करा. पगारदाराच्या घरी ते ठीक आहे. ज्यांच्या घरी ज्वारी शेतातली आणि दूध गोठ्यातलं, त्यांचा रोख पैसा त्यातून काहीच वाचत नाही. अशा घराला हा हिशेब दाखवणं मला पटत नाही.

पैसे आले होते पतसंस्थेतल्या सोनेतारणातून, आणि त्याचं व्याज दर महिन्याला भरावं लागत होतं. शैक्षणिक कर्ज फक्त फीसाठीच मिळतं असा वडिलांचा समज होता. तसं नाही. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात वसतिगृह आणि मेसचा खर्चही धरतात. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या उचलीपासून चढत राहतं. म्हणून मी त्यांना सांगितलं, चार वर्षांच्या वसतिगृह-मेसपुरतं २,८०,००० मंजूर करून घ्या आणि दर वर्षी लागेल तेवढंच उचला. मोबाइल, कपडे, सहल यात घालू नका.

वडील अल्पभूधारक असल्याने डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी अर्ज करता येत होता. तो राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारक असल्याचा दाखला, वसतिगृहात राहत असल्याचा पुरावा आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. ही रक्कम वेळेवर येईल असं धरून मेसचं बिल थकवू नये. ती येईल तेव्हा पुढच्या वर्षीची उचल तेवढी कमी करावी.

महाविद्यालयाच्या रोपवाटिकेत 'कमवा आणि शिका' योजना होती. सुवर्णाने रोज दोन तास मागितले, मी एक तास सुचवला. काम करून शिकण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात मुलं श्रम करूनच शिकत. पण पहिल्या वर्षाला, नीट न जेवणाऱ्या मुलीने दोन तास राबणं मला मान्य नव्हतं. विषय राहिला की फेरपरीक्षेचा खर्च येतो तो वेगळाच.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पैशांवर नाही, तर वडिलांना एक गोष्ट पटवण्यात. "पोरीला कशाला सांगायचं, अभ्यासात लक्ष लागणार नाही," असं त्यांचं म्हणणं. मी मेसची वही त्यांच्यापुढे ठेवली. आकडा लपवला म्हणून तिची काळजी थांबली नव्हती. ती उपाशी राहून अंदाजाने कर्ज फेडत होती. ते वहीकडे बघत राहिले, मग तिला म्हणाले, "बाळ, भाकरी तरी आईला जास्त मागायचीस." ती रडली. मी मध्ये बोलले नाही.

मग तिघांत ठरलं ते असं. दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्या खात्यावर पंधराशे रुपये येतील, त्यात एसटी आणि मोबाइल दोन्ही बसवायचं. ते कुठे गेले हे तिला कोणी विचारणार नाही. कर्ज आणि भत्त्याचे कागद ती स्वतः सांभाळेल, दर सत्राच्या सुरुवातीला वडिलांना फोन करून राहिलेला आकडा सांगेल. आणि खाडा घरी जाणार असेल तरच लावायचा, ही एक अट मी घातली. रेक्टरबाईंकडे ती लिहून दिली आहे.