पारोसला नांगर कुठे टाकावा?

जुलै-ऑगस्टमध्ये बोट घेऊन पारोस या ग्रीक बेटाला निघाला असाल तर सगळ्यात आधी मेल्टेमीचा विचार करा. हा उत्तरेचा वारा कधी कधी सलग कित्येक दिवस ५ ते ७ बोफर्टने (बोफर्ट म्हणजे वाऱ्याच्या जोराचं ० ते १२ असं माप) वाहतो आणि आकाश मात्र निरभ्र असतं. म्हणून ढगांवरून अंदाज बांधू नका. ग्रीक हवामान खात्याचा सागरी अंदाज रोज सकाळ-संध्याकाळ वाचा.

नवखी मंडळी नकाशा बघून सरळ दक्षिण किनारा धरतात. तिथे लाट कमी असते हे खरं, पण डोंगरउतारावरून वारा झोतांनी खाली कोसळतो आणि बोट रात्रभर इकडून तिकडे फिरत राहते. उलट बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचा नाउसाचा उपसागर उत्तरेला उघडा असूनही त्याच्या वायव्य कोपऱ्यात, आयिओस योआनिसच्या मठाखाली, भूशिराचा छान आडोसा मिळतो. मला तर हीच जागा जास्त भरवशाची वाटते.

आता तळ. गडद पट्टा म्हणजे बहुधा समुद्री गवत. त्यात नांगर नीट रुतत नाही, आणि ते उपटलं की परत वाढायला वर्षानुवर्षं लागतात. कृपा करून तिथे टाकूच नका. फिकट ठिगळ दिसेल ती वाळू. ५ मीटर पाण्यात किमान २५ मीटर साखळी सोडा, वारा वाढणार असेल तर ३५. मग इंजिन रिव्हर्समध्ये घालून हळूहळू ताण द्या आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा. खुणा एकमेकींपासून सरकत राहिल्या तर नांगर घसरतोय. उचला आणि पुन्हा टाका.

हे सगळं उजेडी करायचं, म्हणून दुपारी तीनच्या आत पोहोचा.