आई-बाबांना घेऊन पाच दिवसांत विदर्भातले किल्ले, मंदिरं, बारवा पाहून होतील का?

तुमचा प्रश्न असा : साताऱ्याहून स्वतःच्या गाडीनं, सत्तरीतल्या आई-बाबांसोबत येताय, येणं-जाणं सोडून पाच दिवस आहेत, नागपूर नको, वाघ नको, जुनी बांधकामं पाहायची आहेत. सिंदखेडराजापासून मार्कंड्यापर्यंत सगळं होईल का?

नाही होणार. ओढूनताणून केलंच तर डांबर पाहून घरी जाल.

मी मेहकर तालुक्यातला. सात सीटची गाडी आहे. लग्नाची वऱ्हाडं, कुळाचाराला निघालेली घरं, पुण्या-मुंबईची पाहुणेमंडळी, सगळ्यांना घेऊन फिरलोय. विदर्भ म्हणजे अकरा जिल्हे. बुलढाणा एका टोकाला, गडचिरोली दुसऱ्या. वैनगंगेकाठचं मार्कंडा देवस्थान सुंदरच आहे, पण ते चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आणि भद्रावतीची विजासन लेणी यांच्यासोबत वेगळ्या फेरीत करा. या खेपेला वऱ्हाड, म्हणजे पश्चिम विदर्भच धरा : सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, बाळापूर, नरनाळा, अचलपूर, गाविलगड. रस्ता सरळ पुढे पुढे जातो, एकदा आलेल्या वाटेनं परत फिरावं लागत नाही.

आमच्या भागाचं एक सांगतो. वाडे पडले, तटांचे दगड लोकांनी घराला नेले, पण पाण्याची बांधकामं टिकली. म्हणून कुठंही गेलात की आधी विचारा, इथं बारव कुठंय, तळं कुठंय? देवळाकडे लोक आपणहून नेतात, बारवेकडे विचारल्याशिवाय कोणी नेत नाही.

सिंदखेडराजाला बहुतेक जण राजवाडा पाहतात, जिजाऊंच्या जन्मस्थानी डोकं टेकवतात, फोटो काढतात आणि अर्ध्या तासात गाडीत. निदान अर्धा दिवस द्या. लखुजीराव जाधवांची समाधी नीट पाहा. लांबून ती समाधी वाटतच नाही, चौकोनी दगडी गढीच वाटते. १६२९ मध्ये दौलताबादेला निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांची दोन मुलं आणि नातू एकाच वेळी मारले गेले. ते आठवून आत शिरलात की त्या दगडांचं वजन कळतं. मग पुतळा बारव. नाव पडलं भिंतीतल्या कोरीव पुतळ्यांवरून. सकाळी नऊ-दहाला जा, ऊन तिरपं असतं तेव्हा पुतळे उठून दिसतात. आईंना पायऱ्यांवर हात द्या. मोती तलाव जाता जाता होतो. फक्त १२ जानेवारीच्या आसपास येऊ नका, जिजाऊ जयंतीला लाखोंनी माणूस येतो. गर्दीचाच आनंद घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी.

तिथून दुसरबीड, बीबी करत लोणार. सरोवर सगळ्यांना माहीत : उल्का आदळून झालेलं, खड्डा साधारण पावणेदोन किलोमीटर रुंद, पाणी खारट आणि अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा आमच्याकडे गाड्यांची रीघ लागली होती. पण मला कुठली एक जागा दाखवायला सांगाल तर मी सरोवर नाही, वरच्या काठावरची धार दाखवीन. गोमुखातून गोडं पाणी पडत असतं आणि खाली त्या खड्ड्यात खारं. लोक धारेखाली अंघोळ करतात, बाजूला देवळं. आई-बाबांना इथंच थांबवा, खाली उतरवू नका. उतरणं सोपं वाटतं, चढताना गुडघे बोलतात. तुम्ही स्वतः मात्र उतरून काठाची देवळं पाहून या.

दैत्यसूदनाचं मंदिर गावात आहे, तिथं उतार-चढाव नाही, आई-बाबा निवांत पाहू शकतात. बाहेरच्या भिंती कोपऱ्याकोपऱ्यांनी आतबाहेर होत जातात, त्यामुळे दर दोन पावलांवर नवी मूर्ती समोर येते. कोणीतरी तुम्हाला सांगेलच, ‘हेमाडपंती आहे’. आमच्याकडे काळ्या दगडाचं जे जे जुनं, ते सगळं हेमाडपंती. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा प्रधान, आणि दगड चुन्याशिवाय एकमेकांत अडकवून रचायची पद्धत त्याच्या आधीपासूनची. जुना सांधा ओळखायला दोन दगडांच्या फटीत नख घालून पाहा. जाता जात नाही. जिथं पांढरं काही दिसेल, ती नंतरची डागडुजी.

आमचं मेहकर मी थोडक्यात उरकतो, नाहीतर म्हणाल गावाची टिमकी वाजवतोय. शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ मध्ये जमिनीतून निघाली, पुरुषभर उंचीपेक्षा कितीतरी मोठी, अखंड काळ्या दगडाची. इंग्रज ती विलायतेला नेतील या धास्तीनं गावानं घाईघाईनं प्रतिष्ठापना उरकली, असं आमचे म्हातारे सांगायचे. गावातला कंचनीचा महालही पाहा. लोणारच्या कमळजा देवीचा दिवा गच्चीवरून दिसावा म्हणून कंचनीनं तो उंच उंच बांधायला घेतला, अशी गोष्ट आहे. लोणारहून येताना तुम्ही जो रस्ता तुडवला, तो आठवून वर बघा म्हणजे त्या बाईचा हट्ट कळेल.

खामगावमार्गे बाळापूर. किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर, आणि तट विटांचा! काळ्या दगडाच्या मुलखात एवढं उंच विटांचं काम बघून आधी चुकल्यासारखं होतं. जवळच मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, नदीकडे तोंड करून. तिथं बसायला बरं. मुक्काम शेगावला करा, गजानन महाराज संस्थानचे भक्तनिवास स्वच्छ आणि स्वस्त, आई-बाबांना महाराजांचं दर्शनही घडेल. कचोरी गरम असेल तरच खा.

आता नरनाळा. अकोटवरून शहानूरला यायचं, तिथून वर. एकदा मी एका कुटुंबाला दुपारी जेवूनखाऊन निवांत निघालो, चारच्या पुढं फाटकाशी पोचलो आणि परत फिरावं लागलं. चूक माझीच, किल्ला जंगलात आहे आणि संध्याकाळी वर थांबू देत नाहीत हे मला माहीत होतं. पोरं गाडीत रडली. तेव्हा शेगावहून सकाळी सहाला निघा, आणि वेळ, परवानगी, गाडी वर जाऊ देतात का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. वर महाकाली दरवाजा आहे, १४८७ चा, बहामनी काळातला. नक्षी आणि फारसी लेख असलेला असा दरवाजा आमच्या बाजूला दुसरा नाही. शिवाय नऊगजी तोफ आणि शक्कर तलाव. घाई नको.

उतरून अकोट, अंजनगाव, परतवाडा. या रस्त्याला एक इतिहास आठवत चला. १८०३ साली २९ नोव्हेंबरला अकोटजवळ अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला, दोनच दिवसांनी देवगावला नागपूरकर भोसल्यांशी तह आणि ३० तारखेला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी. महिनाभरात मराठ्यांचा मोठा मुलूख ज्या पट्ट्यात हातचा गेला, तिथून तुम्ही चहासाठी टपरी शोधत जाणार आहात.

अचलपूरला हौज कटोरा चुकवू नका. पाण्याच्या हौदात मधोमध कमानींची मजल्यांवर मजले असलेली इमारत. गावाबाहेर आहे, पाटीच्या भरवशावर राहू नका, शेतातल्या माणसाला विचारा. पावसाळ्यानंतर आलात तरच पाण्यात तिची सावली दिसेल.

गाविलगडासाठी चिखलदऱ्याला दोन मुक्काम ठेवा. इथं फार बोलत नाही, दरवाजावरचं गंडभेरुंड स्वतः शोधा, दोन डोक्यांचा पक्षी, नखांत हत्ती. वरची तळी पाहा, म्हणजे शत्रू खाली बसलेला असताना वरची माणसं काय पीत होती ते समजेल. चालणं आहे, बाबांना काठी असू द्या. जमलं नाही तर ते पहिल्या दरवाजाशी सावलीत बसतील, तिथंही बघण्यासारखं पुष्कळ आहे.

नोव्हेंबर-डिसेंबर चांगला. कापसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतील, हॉर्न वाजवून उपयोग नाही. परत निघताना चिखलदऱ्याहून पहाटे नको, घाटात धुकं असतं. नऊला निघा, अमरावतीवरून समृद्धी धरा, शिर्डीला मुक्काम होईल.