निवासी शाळेचं स्वयंपाकघर चांगलं आहे हे पालकांनी कसं ओळखावं?

मुलीला सहावीला खानापूरकडच्या निवासी शाळेत घालताय आणि एका भेटीत तिथलं स्वयंपाकघर कसं पारखायचं, असं विचारलंय तुम्ही. फरशी बघू नका. पालक येणार म्हटल्यावर फरशी कुठलीही शाळा घासते. उरलेल्या भाताचं काय करतात, ते विचारा.

माझी आई अशाच एका शाळेत स्वयंपाकाला होती. मराठी पोरं तिला मावशी म्हणायची, कन्नड पोरं अक्का. मीही तिथंच शिकत होतो. जुलैतली गोष्ट. पाहुणे यायचे होते, पण ओढ्याला पाणी आलं आणि कुणी पोचलंच नाही. पातेलंभर भात उरला. आई म्हणाली, म्हशींना घालूया. अधीक्षक म्हणाले, तांदूळ काय फुकट येतोय? सकाळी चित्रान्न करा. झाकलेलं पातेलं रात्रभर चुलीशेजारी राहिलं. पहाटे आईनं बघितलं तर मधला भात अजून कोमट, जरा चिकटही. तिनं तसं सांगितलंही. ‘फोडणीत सगळं मरतंय,’ म्हणाले.

साडेआठला नाष्टा, अकराच्या आत ओकाऱ्या. चाळीसेक पोरं, त्यात मी. सलाईन लागली, संध्याकाळपर्यंत सगळी उठून बसली. चौकशीत बघितली ती आईची नखं. पातेल्याचं कुणी नावही काढलं नाही. एका कन्नड कागदावर तिची सही घेतली. तिला वाचता येई ते मराठी. पुढं दहावीत असताना ट्रंकेत तो कागद मला सापडला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ असं होतं त्यात. नोकरी तर तेव्हाच गेलेली. मोठा मामा अजून म्हणतो, तायडीनं हात धुतले नसणार.

आज बेळगावात माझी खानावळ आहे, तेव्हा हे अनुभवावर नाही, शिकून सांगतोय: फोडणीत सगळं मरत नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू भात शिजवतानाही टिकतात. शिजलेला भात ५ ते ६० अंशांच्या मध्ये तासन्‌तास राहिला की ते रुजतात, विष तयार करतात, आणि ओकारी आणणारं ते विष पुन्हा तापवून जात नाही. मोठं पातेलं मधोमध लवकर गार होत नाही, सगळी गोम तिथं आहे. परातींत पसरून लगेच फ्रीजमध्ये टाकला तर चालतो. पण शंभर पोरांच्या भाताला तेवढा फ्रीज कुठल्या शाळेत असतो? म्हणून म्हशी.

बाकी, पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर पडते का ते बघा. कीटकनाशकाचे डबे कोठीच्या आसपासही नकोत. २०१३ साली बिहारात शाळेच्या जेवणानं २३ मुलं गेली, ती तेलात कीटकनाशक गेल्यामुळं. परवाना भिंतीवर असतोच, तारीख तेवढी वाचा.

आणि हो, हात महत्त्वाचे नाहीत असं मी म्हणत नाही. पिकलेल्या बोटातूनही जंतू अन्नात जातात, त्यांचंही विष उकळून जात नाही, ओकारीही तितक्याच लवकर होते. त्या दिवशीचा भात कुणी तपासायला पाठवलाच नाही, त्यामुळं आता सिद्ध काहीच करता येणार नाही.

शाळेत गेलात की रेक्टरांच्या समोरच स्वयंपाकिणीला भाताचं विचारा. उत्तर देण्याआधी ती त्यांच्या तोंडाकडं बघायला लागली, तर फी भरू नका.

मामा, हे वाचत असलास तर: तिच्या बोटाला काहीही झालेलं नव्हतं. तिनंच मला उचलून जीपमध्ये घातलं होतं, मी बघितलेत तिचे हात.