गोळ्या चुकल्या म्हणून आजार उलटला का?

प्रश्न : डॉक्टरताई, मी इंदूरच्या लोकमान्यनगरात राहते, वय 61. 2021 मध्ये डाव्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन वाढलेलं नसलेला) होतं. तेव्हापासून रोज रात्री लेट्रोझोल ही हार्मोन रोखणारी गोळी घेते आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं टिक करते. गेल्या श्रावणात ओंकारेश्वरला गेलो, गोळ्या घरीच राहिल्या, नऊ दिवस चुकले. दिवाळीनंतर कंबर धरली. पेट स्कॅनमध्ये मणक्यात आणि खुब्यात डाग निघाले. डॉक्टर म्हणाले, रेझिस्टन्स आलाय, म्हणजे आजार या गोळीला जुमानत नाही, औषध बदलू. जाऊबाई म्हणतात, तूच गोळ्या चुकवल्यास. ते नऊ कोरे चौकोन डोळ्यांपुढून हलत नाहीत. आता किमो घ्यावीच लागेल का?

उत्तर : ताई, आधी त्या चौकोनांबद्दल. लेट्रोझोल शरीरातून सावकाश उतरतं, निम्मं जायलाच साधारण दोन दिवस लागतात. महिनोन्‌महिने गोळी बंद ठेवली तर धोका वाढतो, हे खरं. सांधे दुखतात म्हणून परस्पर गोळी सोडणाऱ्या बायकांवर मी रागावते ती त्यामुळेच. पण इतक्या वर्षांतल्या नऊ दिवसांनी हाडात आजार उठत नाही. कर्करोगाची पेशी आधीपासूनच बदलत होती.

रामबागेत माझी मावशी राहायची. टॅमॉक्सिफेन या अशाच हार्मोनविरोधी औषधाची एकही गोळी तिनं चुकवली नाही, तरी तिसऱ्या वर्षी आजार उलटला. "माझंच काहीतरी चुकलं गं," असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. मी तेव्हा शिकत होते, तिला काही सांगता आलं नाही. म्हणून तुम्हाला नीट सांगते.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ अगदीच बंद झाला तर माणूस अंगणात बोरिंग खणतो, तसंच हे. पाळी गेल्यावर चरबीत वगैरे जे थोडं इस्ट्रोजेन तयार होतं, ते लेट्रोझोल थांबवतं. नळ बंद. बहुतेक पेशी सुकतात. एखादीच्या ईएसआर-वन नावाच्या जनुकात बदल होतो आणि तिचा रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन पकडणारा भाग, इस्ट्रोजेनशिवायच चालू राहतो. लेट्रोझोलसारख्या गोळ्या बराच काळ घेतल्यावर, विशेषतः आजार पसरलेला असताना, हा बदल बऱ्याच जणींत सापडतो. काहींत पीआयके-थ्री-सीए या जनुकातून वेगळीच वाट निघते. यात तुमच्या उपासाचा, प्रवासाचा, विसरण्याचा काही संबंध नाही.

आता किमोचं. यकृत, फुप्फुसं धोक्यात नसतील आणि आजार हाडांपुरताच असेल, तर पहिली पसंती सहसा पुन्हा हार्मोनच्याच उपचारांना असते. फुलव्हेस्ट्रंट हे इंजेक्शन रिसेप्टरच मोडून टाकतं. दोन्ही कुल्ल्यांत एकेक टोचतात, पहिल्या महिन्यात पंधरा-पंधरा दिवसांनी, मग दरमहा. सोबत पेशींची वाढ रोखणाऱ्या रायबोसिक्लिब किंवा पाल्बोसिक्लिबच्या गोळ्या, तीन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा सोडायच्या. पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. खर्चाची धास्ती असेल तर हेही सांगते : पाल्बोसिक्लिबचं पेटंट जानेवारी 2023 मध्ये संपलं, तेव्हापासून भारतीय कंपन्यांच्या गोळ्या खूप स्वस्तात मिळतात.

औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, डागातून पुन्हा बायोप्सी (तपासणीसाठी छोटा तुकडा) घेता येईल का? जुन्या गाठीचा रिसेप्टर नव्या जागी तसाच असेल असं नाही. जनुकांचे ते दोन्ही बदल रक्तातूनही तपासता येतात. हाडं मजबूत ठेवणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड हे औषध देणार असतील, तर त्याआधी दात दाखवून घ्या, कारण नंतर दात काढणं जबड्याला महागात पडू शकतं.

आणि कंबरेचं दुखणं अंगावर काढू नका. पायांतला जोर कमी झाला, मांड्यांना बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.