मुंबईत फ्लूचे रुग्ण वाढलेत की नाही, हे नेमकं कसं कळतं?

बातमीत येणारा आकडा हा तपासणीत सापडलेल्या रुग्णांचा असतो, आजारी पडलेल्या सगळ्यांचा नव्हे. साधा ताप-खोकला असेल तर सरकारी नियमांप्रमाणे स्वॅब घेतच नाहीत. दाखल झालेल्या गंभीर रुग्णांचा मात्र घेतात. मुंबईत कस्तुरबा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तपासणी होते, तर पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही) विषाणूचा प्रकार ओळखते: एच१एन१, एच३एन२ की बी.

म्हणून एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नका. आठवड्यागणिक शंभर नमुन्यांमागे किती पॉझिटिव्ह निघतात, ते बघा. तपासण्या वाढल्या की नुसता आकडा फुगतोच. आपल्याकडे मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये येते, त्यामुळे घरातल्या वृद्धांना आणि गरोदर बायकांना लस डॉक्टरांना विचारून पावसाआधीच द्या.