पार्लरचा खर्च, जावेचा सल्ला आणि गृहलक्ष्मीचे २ हजार

प्रश्न : ताई, मी बेळगावात शहापूरला राहते. घराच्या पुढच्या खोलीत पार्लर आहे आणि लग्नसराईत नवरीच्या मेकअपला खानापूर, निपाणीपर्यंत स्कूटरवरनं जाते. २०२५-२६ मध्ये ७ लाख २० हजार जमा झाले, त्यातले ४ लाख ८० हजार फोनपेवर, बाकी रोख. पेट्रोल, मोबाईल, मेकअपचं सामान, नवीन फेशियल बेड, लग्नात नेसायला घेतलेल्या साड्या, कोल्हापूरला केलेला हेअरस्टाईलचा कोर्स, इन्कम टॅक्ससाठी यातलं काय काय वजा होतं? जाऊबाई म्हणतात रिटर्न भरूच नको, कर्नाटक सरकारचे गृहलक्ष्मीचे महिन्याचे २ हजार बंद होतील. मला तर टिळकवाडीत गाळा घ्यायचाय, त्याला लोन लागणार की.

उत्तर : आधी साड्यांचं सांगून टाकते, त्या नाहीत. नवरीकडं चांगलं नेसून जावं लागतं हे खरंय, पण तीच साडी तुम्ही भाच्याच्या बारशालाही नेसणार. पार्लरचं नाव छापलेला एप्रन असेल तर तो चालतो. धंद्यासाठीच झालेला खर्च तेवढा धरायचा, म्हणजे वॅक्सचे डबे, थ्रेडिंगचा दोरा, डिस्पोजेबल शीट, कापूस, ब्लीच, फेशियल किट हे सगळं, पण त्यातलीच क्रीम स्वतःच्या तोंडाला लावली तर ती घरखर्चात. पेट्रोल आणि मोबाईल धंद्यापुरता. त्याच स्कूटरवरनं मुलांना ट्यूशनला सोडता ना? मग नवरीच्या गावाचं नाव आणि किलोमीटर वहीत लिहा, नाहीतर अंदाजे आकडा टाकला की कुणी विचारल्यावर उत्तर नसतं. कोर्स चालतो, कारण धंदा चालू असताना हात सुधारायला केलाय, पार्लर काढायच्या आधी जे शिकलात ते मात्र नाही. बेड फर्निचरमध्ये येतो, पूर्ण किंमत एका वर्षात धरता येत नाही, घसारा, म्हणजे वस्तू झिजते त्याची दरवर्षीची वजावट, १० टक्के, मशीन असतं तर १५, आणि घेतलं त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्याच्याही निम्मा. आणि कुणाला एका दिवसात १० हजारांच्या वर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत, गणपत गल्लीतनं किट घेताना एवढं लक्षात ठेवा.

आता खरी गोष्ट. एवढी बिलं गोळा करून टॅक्स किती वाचणार तुमचा? सामान, पेट्रोल, मदतीच्या मुलीचा पगार धरून २ लाख ६० हजार गेले असं समजू, उरले ४ लाख ६० हजार. टॅक्सच्या नवीन रिजिममध्ये, म्हणजे नव्या पद्धतीत, १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट आहे, टॅक्स माफ होतो, म्हणजे तुमचा टॅक्स शून्य. लहान धंद्याला ४४एडी कलम पण आहे, त्यात फोनपेच्या पैशावर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरायचा, तुमचे होतात २८,८०० अधिक १९,२००, म्हणजे ४८ हजार, मग वेगळी बिलं दाखवायची नाहीत. तिथंही शून्य. त्यामुळं बऱ्याच जणी ४८ हजार लिहून मोकळ्या होतात, मला ते पटत नाही, कारण हा कमीत कमीचा आकडा आहे, हातात जास्त उरलं तर जास्त लिहायचं असतं. आणि वर्षाला ४८ हजार कमावणारीला गाळ्याला लोन कोण देईल हो? ४४एडीवाल्यांचा रिटर्नचा फॉर्म आयटीआर-४, त्यातच ४ लाख ६० हजार लिहा. असंही ४ लाखांच्या वर उत्पन्न गेलं की रिटर्न भरावंच लागतं.

म्हणजे वही लागतेच, पण ती आपल्याला नक्की किती उरलं हे कळायला. माझ्याकडं एकजण वही घेऊन आलेल्या, हीटरशेजारी ठेवलेली, मार्चची पानं वॅक्सनं चिकटून बसलेली, उलगडली की आकडे फाटून यायचे. वही दुसऱ्या कपाटात ठेवा बाई.

जाऊबाईंचं अर्धं बरोबर आहे. बाई किंवा तिचा नवरा इन्कम टॅक्स भरत असेल किंवा जीएसटी रिटर्न भरत असेल तर गृहलक्ष्मी मिळत नाही, असा नियम आहे. तुमचा टॅक्स शून्य आहे, रिटर्नची कॉपी जपून ठेवा, विचारलं तर तीच दाखवायची. मिस्टर टॅक्स भरत असले तर मग तुमच्या रिटर्नचा प्रश्नच नाही, ते २ हजार तसेही नियमात बसत नाहीत. आणि सामानावाला म्हणाला म्हणून उगीच जीएसटी नंबर काढू नका, आपल्या कर्नाटकात सर्व्हिसला २० लाखांपर्यंत तो लागत नाही.

लाईटबिल तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. हेस्कॉमचं बिल गृहज्योतीत, म्हणजे सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, शून्याचं येत असेल तर वजा करायला काही नाहीच. उलट ती सवलत घरगुती वापराला आहे, त्या खोलीत रोज स्टीमर आणि दोन हीटर चालत असतील तर गाळा होईपर्यंत तिथं वेगळा मीटर घेऊन टाका, त्याचं बिल मग सगळं खर्चात लिहिता येईल.