क्रीडा शंकासमाधान : अकराव्या क्रमांकापासून सलामीपर्यंत

प्रश्न : माझा मुलगा डावखुरी फिरकी टाकतो. धारवाड विभागाची निवड चाचणी तोंडावर आलेली असताना त्याने फलंदाजीचा ध्यास घेतला आहे. घरातील सर्वांचे म्हणणे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे आहे. प्रशिक्षकांनी मात्र यॉर्कशायर या इंग्लिश काउंटीच्या (परगण्याच्या) संघातील विल्फ्रेड ऱ्होड्सचा दाखला दिला. ऱ्होड्सने खरोखरच गोलंदाजी सोडून फलंदाजी धरली होती काय? त्याच्या कारकिर्दीविषयी सविस्तर लिहावे. (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : प्रशिक्षकांनी दाखला योग्य दिला आहे, मात्र तो अर्धाच सांगितला गेला असावा. ऱ्होड्सने गोलंदाजी मागे टाकली हे खरे, पण आधी तिच्यात इंग्लंडभर नाव कमावल्यानंतर, आणि पुढे गरज पडली तेव्हा तीच गोलंदाजी त्याने पुन्हा हाती घेतली.

ऱ्होड्सचा जन्म १८७७ साली हडर्सफील्डजवळच्या कर्कहीटन या खेड्यात झाला. तरुणपणी तो रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये कामाला होता. सामन्याला वेळेवर पोहोचता यावे म्हणून त्याने सुटीची घंटा वेळेआधीच वाजवली आणि त्यापायी नोकरी गमावली, अशी हकीकत सांगतात. त्यानंतर त्याने स्कॉटलंडमधील गॅलाशील्स या क्लबकडे पगारी खेळाडू म्हणून काम केले. वॉरिकशायरने त्याची चाचणी घेतली, परंतु त्याला घेतले मात्र नाही. १८९७ मध्ये यॉर्कशायरचा कर्णधार लॉर्ड हॉक याने दारूच्या नशेत मैदानावर उतरलेल्या बॉबी पीलला संघातून काढून टाकले. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची जागा अशी रिकामी झाली आणि १८९८ मध्ये ती ऱ्होड्सला मिळाली. पहिल्याच हंगामात त्याने दीडशेहून अधिक बळी घेतले. १९०० मध्ये २६१ आणि १९०१ मध्ये २५१. त्याचा चेंडू फार वळत असे असे नव्हे. उंची आणि टप्पा यांवर त्याची विलक्षण हुकमत होती आणि फलंदाजाला पुढे ओढून फसवण्यात त्याचा हातखंडा होता. चेंडूच्या एका बाजूला खडू फासून तो हवेत कसा फिरतो हे न्याहाळत त्याने हा सराव केला होता.

या काळात फलंदाजीच्या क्रमात तो तळाशीच असे. १९०२ च्या ओव्हल कसोटीत तो अखेरचा फलंदाज म्हणून उतरला तेव्हा इंग्लंडला १५ धावा हव्या होत्या आणि समोर त्याच्याच गावचा जॉर्ज हर्स्ट उभा होता. या दोघांनी सामना जिंकून दिला. ‘एकेका धावेनेच काढू’ असे हर्स्ट त्याला म्हणाल्याची कथा पुढे अजरामर झाली; दोघांनीही ती नाकारली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १९०३ च्या डिसेंबरात सिडनीला इंग्लंडच्या टिप फॉस्टरने २८७ धावा केल्या, तेव्हा अकराव्या क्रमांकावरील ऱ्होड्सने नाबाद ४० धावा काढून त्याला शेवटपर्यंत साथ दिली. शेवटच्या गड्याची ती १३० धावांची भागी इंग्लंडचा विक्रम म्हणून २०१४ पर्यंत टिकली. त्याच दौऱ्यात मेलबर्न कसोटीत त्याने १५ बळीही मिळवले.

त्यानंतर तो वर वर सरकत गेला. यॉर्कशायरकडे हर्स्ट आणि शोफील्ड हेग असताना गोलंदाजीचा सारा भार त्याच्यावर नव्हता, आणि कसोटीत डावखुऱ्या फिरकीसाठी कॉलिन ब्लाइथ उपलब्ध होता. इंग्लंडला उणीव भासत होती ती सलामीच्या फलंदाजाची. १९११-१२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ऱ्होड्सने गोलंदाजी जवळजवळ केलीच नाही. मेलबर्नला जॅक हॉब्जबरोबर त्याने ३२३ धावांची सलामी दिली. हॉब्जच्या १७८ आणि ऱ्होड्सच्या १७९. पहिल्या आणि शेवटच्या, दोन्ही गड्यांच्या इंग्लंडच्या विक्रमी भागीदाऱ्यांत एकाच माणसाचे नाव, असे दुसरे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर नाही. कसोटी क्रिकेटमध्ये पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर तो खेळला आहे.

इथे अनेक चरित्रकार थांबतात. मला स्वतःला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. पहिल्या महायुद्धाने यॉर्कशायरचा गोलंदाजीचा कणा मोडला. मेजर बूथ (‘मेजर’ हे त्याचे पाळण्यातले नाव, लष्करी हुद्दा नव्हे) १९१६ मध्ये फ्रान्समधील सोम येथील लढाईत पहिल्याच दिवशी मारला गेला आणि अलोन्झो ड्रेक आजारपणात १९१९ च्या आरंभी गेला. चाळिशी ओलांडलेल्या ऱ्होड्सने जुनी गोलंदाजी पुन्हा उजळली आणि १९१९ च्या हंगामात दीडशेहून अधिक बळी घेतले. १९२२ ते १९२५ अशी सलग चार वर्षे यॉर्कशायरने काउंटी अजिंक्यपद मिळवले, त्यात त्याचा मोठा वाटा होता. १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या निर्णायक ओव्हल कसोटीसाठी त्याला ४८ व्या वर्षी परत बोलावण्यात आले. दुसऱ्या डावात ४४ धावांत ४ बळी घेऊन त्याने ऑस्ट्रेलियाला १२५ धावांत गुंडाळण्यास हातभार लावला आणि इंग्लंडने अ‍ॅशेस परत मिळवले. त्याची शेवटची कसोटी १९३० मध्ये जमैकात झाली, तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. कसोटीतील त्याचे पदार्पण १८९९ च्या ज्या सामन्यात झाले, तो डब्ल्यू. जी. ग्रेसचा अखेरचा कसोटी सामना होता, आणि १९३० च्या उन्हाळ्यात स्कारबरोला त्याने डॉन ब्रॅडमनला गोलंदाजी केली. १,११० प्रथम श्रेणी सामने, चाळीस हजारांना किंचित कमी धावा आणि ४,२०० च्या आसपास बळी, असा त्याचा हिशेब आहे. सामने आणि बळी या दोन्ही बाबतींत आजवर कोणी त्याच्या पुढे गेलेले नाही.

आपल्या मुलाविषयी एवढेच सांगतो की, ऱ्होड्सने फलंदाजी वाढवली ती गोलंदाजी पक्की झाल्यावर, आणि तीही वर्षानुवर्षे एकेक पायरी चढत. चाचणीला जाताना मुलाने नेटमध्ये आधी चेंडू मागावा, बॅट नंतर.

प्रश्न : मे महिन्यात वळीव पडून गेला आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडले की, आमच्या तांबड्या मातीच्या मैदानावर साधा चेंडूसुद्धा उसळतो आणि वळतो. जुन्या इंग्लिश गोलंदाजांचे आकडे अशाच खेळपट्ट्यांमुळे फुगलेले आहेत काय? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : बऱ्याच अंशी होय. आपण पाहता तोच हा प्रकार आहे. भिजलेल्या खेळपट्टीला ऊन लागले की वरचा थर वाळू लागतो, पण आतला मऊ राहतो. चेंडू त्यात किंचित रुततो आणि मग अनपेक्षित उसळी घेतो किंवा झपकन वळतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदाने बंद असतात, म्हणून वळवाच्या दिवसांपुरताच हा अनुभव येतो. इंग्लंडचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर असल्याने पाऊस सामन्यांच्या मध्येच येतो, आणि सुमारे १९८० पर्यंत काउंटी सामन्यांत खेळपट्ट्या पूर्णपणे झाकल्या जात नसत. १९०२ मध्ये एजबॅस्टनला ऑस्ट्रेलियाचा डाव ३६ धावांत आटोपला, त्यात ऱ्होड्सने १७ धावांत ७ बळी घेतले; ती खेळपट्टी पावसाने भिजलेलीच होती. मात्र आपण दुसरी बाजू विसरू नये. त्याच खेळपट्टीवर या अष्टपैलूंना फलंदाजीही करावी लागे. गोलंदाजीचे आकडे फुगले म्हणावे, तर धावांचे आकडे तितकेच दबलेले मानावे लागतील.

प्रश्न : एका हंगामात दोन हजार धावा आणि दोनशे बळी असा पराक्रम हर्स्टने केल्याचे वाचले. आजच्या एखाद्या खेळाडूला हे का जमत नाही? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. १९०६ च्या हंगामात जॉर्ज हर्स्टने २,३८५ धावा केल्या आणि २०८ बळी घेतले. हे अन्य कोणालाही साधलेले नाही. त्या ऑगस्टमध्ये बाथ येथे सॉमरसेटविरुद्ध त्याने दोन्ही डावांत शतके काढली, १११ आणि नाबाद ११७, आणि दोन्ही डावांत मिळून ११ बळी घेतले. हा सारा खेळ एकाच सामन्यातला आहे. आपला विक्रम कोणी मोडील काय, असे विचारल्यावर ‘जो मोडील तो फार दमलेला असेल’ असे तो म्हणाल्याचे सांगतात. हर्स्ट डावखुरा मध्यमगती गोलंदाज होता आणि नवा चेंडू हवेत असा वळवी की, उजव्या हाताच्या फलंदाजाकडे तो अचानक आत शिरे. १९०५ मध्ये लेस्टरशायरविरुद्ध त्याने केलेल्या ३४१ धावा अजूनही यॉर्कशायरकडून झालेली सर्वोच्च खेळी आहे. कसोटीत मात्र २४ सामन्यांत ७९० धावा आणि ५९ बळी एवढीच त्याची कमाई आहे, आणि केवळ कसोटीचे तक्ते पाहून खेळाडू तोलण्याची आपली सवय किती फसवी आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आज हे का जमत नाही, याचे मुख्य कारण सामन्यांच्या संख्येत आहे. हजार धावा आणि शंभर बळी यांना तिकडे ‘डबल’ म्हणतात. ऱ्होड्सने तो १६ वेळा आणि हर्स्टने १४ वेळा केला. १९६९ मध्ये रविवारची मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली आणि प्रत्येक काउंटीचे अजिंक्यपद सामने २८ वरून २४ वर आले. आता ते १४ आहेत. १९६९ नंतर ‘डबल’ केवळ दोघांनी केला, आणि दोघेही नॉटिंगहॅमशायरकडून खेळणारे परदेशी होते : १९८४ मध्ये न्यूझीलंडचा रिचर्ड हॅडली आणि १९८८ मध्ये बार्बाडोसचा फ्रँकलिन स्टीफनसन.

प्रश्न : या खेळाडूंचा चरितार्थ कसा चालत असे? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : सामन्यागणिक मिळणाऱ्या मानधनावर. लॉर्ड हॉकने आपल्या पगारी खेळाडूंना हिवाळ्यातही वेतन सुरू केले, त्यामुळे यॉर्कशायरची मंडळी इतरांपेक्षा सुस्थितीत होती. दीर्घ सेवेनंतर एका सामन्याचे उत्पन्न खेळाडूला देत. १९०४ मध्ये हर्स्टला अशा रीतीने साडेतीन हजार पौंडांहून अधिक रक्कम मिळाली, जी त्या काळी डोळे विस्फारणारी होती. मात्र ही रक्कम खेळाडूच्या हाती सरसकट पडत नसे. तिचा मोठा भाग समिती गुंतवून ठेवी. हौशी खेळाडूंची कपडे बदलण्याची खोली वेगळी, मैदानावर येण्याचे दारही वेगळे, आणि कर्णधारपद हौशी खेळाडूकडेच, असा रिवाज होता. तो भेद १९६२ मध्ये संपला. निवृत्तीनंतर हर्स्टने ईटन आणि ऱ्होड्सने हॅरो या सरदारपुत्रांच्या शाळांत प्रशिक्षकाची नोकरी धरली. पुढे ऱ्होड्सची दृष्टी गेली, तरीही तो मैदानावर येऊन केवळ बॅटच्या आवाजावरून खेळ ओळखत असे.

प्रश्न : भारतीयांपैकी कोणी इंग्लंडमध्ये ‘डबल’ केला आहे काय? (तेच वाचक)

उत्तर : होय, विनू मंकडने, १९४६ च्या दौऱ्यात : १,१२० धावा आणि १२९ बळी. त्याच दौऱ्यात आपल्या शेजारच्या सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी हजाराहून अधिक धावा आणि पन्नासहून अधिक बळी मिळवले. तसेच ओव्हलवर सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शूट बॅनर्जी या दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी शतके ठोकून शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या, हेही शहापूरच्या वाचकांनी आपल्या चिरंजीवांना अवश्य सांगावे.